नदीचा दाखला किड्यांकडूनही घ्या

महोदय,

पुण्यातल्या मुळा-मुठेच्या प्रदूषणाची चर्चा बहुतेक वेळा बीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू वापरतात त्याच्या, आकड्यावर येऊन थांबते. हा आकडा बाटली भरली त्या क्षणाचा असतो. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळपर्यंत पुढे वाहून गेले, तर नमुन्यात त्याचा पत्ता लागत नाही. तळाच्या दगडांखाली महिनोन्‌महिने राहणाऱ्या किड्यांना मात्र सुटका नसते.

त्यातही कोणते किडे टिकले यापेक्षा ते कसे जगतात, हे जास्त बोलके. मेफ्लाय या कीटकाची पाण्यात वाढणारी पिल्ले कल्ल्यांनी श्वास घेतात. पाण्यातला प्राणवायू घटला की बहुतेक ठिकाणी ती लवकर नाहीशी होतात. डासासारख्या दिसणाऱ्या कायरोनोमस माशीच्या लाल अळ्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या काळ्या गाळातही तगतात. उंदीरशेपटी अळी तर शेपटीसारखी नळी पाण्याबाहेर काढून थेट हवाच घेते. (तिला कसलेही पाणी चालते!) जर्मनीत अशाच गुणांवर ‘स्पिअर’ निर्देशांक बेतला गेला. विषाबद्दलची संवेदनशीलता, एका पिढीला लागणारा काळ यांवरून शेतातून ओढ्यात उतरलेल्या कीटकनाशकांचा माग त्यातून लागतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जैविक निकष आहेत, पण त्यांचा भर किड्यांच्या कुळांना दिलेल्या गुणांकनावर आणि विविधतेवर आहे. त्यात किडे कसे जगतात या गुणधर्मांची भर घालून खडकवासला धरणाच्या वर, शहरात आणि शहराच्या खाली, पावसाळ्याआधी व नंतर पाहणी व्हावी. जाळी, ट्रे, भिंग आणि ओळख पटवणारी तयार नजर एवढेच लागते. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना हे जमण्यासारखे आहे. नदीकाठ सुशोभीकरणाच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळच.

– एक वाचक, पुणे