बेंबीचा ठोका आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे वडील

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी लिहिले आहे, की त्यांच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या वडिलांची 'सरकलेली बेंबी' गावातल्या एका आजींनी पोट चोळून जागेवर आणली. आजींच्या हाताला गुण असेलही. पण वडिलांचे वय वाचले आणि लिहायला बसले. मी निवृत्त होईपर्यंत मिरजेत वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचनाशास्त्र शिकवले. बहुतेक नोकरी डिसेक्शन हॉलमध्ये, फॉर्मलिनच्या वासात गेली.

बेंबी पाहायची रीत आमच्या भागात घरोघरी ठाऊक आहे. सकाळी अनशापोटी उताणे झोपवायचे, बोटे जुळवून बेंबीत दाबायची. ठोका मधोमध लागला तर ठीक, बाजूला लागला तर सरकली. आता बेंबीला स्वतःचा ठोका नसतोच. नाळ पडली की तिच्या आतल्या रक्तवाहिन्या बंद होऊन त्यांच्या नुसत्या दोऱ्या उरतात. बोटांना लागते ती महाधमनी, हृदयातून निघणारी शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. आतड्यांच्याही मागे, पाठीच्या मणक्यांना टेकून, मध्यरेषेच्या किंचित डावीकडून ती खाली उतरते आणि कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी, म्हणजे साधारण बेंबीच्या जरा खाली, तिचे दोन फाटे होतात. तेव्हा ठोका बेंबीच्या थोडा वर आणि डाव्या अंगाला लागणे हीच त्याची खरी जागा. या परीक्षेत धडधाकट माणसाचीही बेंबी सरकलेलीच निघणार! सुटलेल्या पोटावर तर बेंबीच खाली ओघळलेली असते.

विशीतल्या पोरीचे पोट तेल लावून हलके चोळले तर तिला बरे वाटेल, बिघडणार काही नाही. वय झालेल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याची महाधमनी पुस्तकातल्या चित्रासारखी राहिलेली नसते.

पुस्तकातली महाधमनी सरळसोट असते, वरून खाली हळूहळू निमुळती होत गेलेली. आमच्या टेबलावर देहदानातून येणारे देह बहुतेक सत्तरी-ऐंशीतल्या माणसांचे. दरवर्षी नवी तुकडी आतडी बाजूला सारून मागे पोचली की कुणीतरी विचारणारच, "मॅडम, ही अशी वाकडी का?" कधी ती डावीकडे बाक घेऊन परत मध्ये आलेली असे, कधी मूत्रपिंडांच्या खाली तिचा निमुळतेपणाच गेलेला असे. तिच्यावरून कात्री चालवली की अंड्याचे टरफल फुटावे तसा आवाज येई. तो आतल्या थरात साचलेल्या कॅल्शियमचा.

वाकडी का, याचे उत्तर मी फळ्यावर असे द्यायची. महाधमनीच्या भिंतीत इलॅस्टिन नावाच्या लवचिक प्रथिनाचे थरावर थर असतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला भिंत ताणते आणि इलॅस्टिन तिला परत जागेवर आणते. हे इलॅस्टिन शरीर गर्भात आणि लहानपणी तयार करते, पुढे जवळजवळ नाहीच. मिनिटाला ७० ठोके धरले तर सत्तर वर्षांत अडीचशे कोटींहून जास्त ठोके होतात, आणि तेवढे त्या एकदाच मिळालेल्या शिदोरीवर काढायचे असतात. धागे झिजतात, तुटतात. मग ताण भिंतीतल्या कोलॅजन या दुसऱ्या प्रथिनावर येतो. ते मजबूत असते, पण एकदा ताणले की पुरते परत येत नाही. त्यामुळे महाधमनी कडक होते, थोडी रुंदावते आणि लांबही होते. त्याच काळात मणक्यांमधल्या चकत्या झिजून पाठीचा कणा आखूड होतो. लांबलेल्या नळीला आखडलेल्या जागेत राहायचे, तर बाक घेण्यावाचून इलाज काय? दोन फाटे फुटण्याची जागाही वयाबरोबर खाली सरकते. म्हणजे म्हाताऱ्या माणसात खरोखरच काहीतरी सरकलेले असते. फक्त ती बेंबी नव्हे, आणि चोळून ते परत येत नाही. (वरचे ब्लडप्रेशर १६० आणि खालचे ७०, असे आकडे ज्येष्ठांमध्ये दिसतात त्यामागेही बहुधा हाच कडकपणा असतो.)

इथवर सगळे वयाचे आहे, त्याला घाबरू नये. पण मूत्रपिंडांच्या खालच्या भागात मुळातच इलॅस्टिनचे थर कमी, आणि काही जणांत तिथली भिंत वयाच्या हिशोबापेक्षा फार पुढे जाऊन फुगते. पुरुषांत तिथला व्यास साधारण २ सेंटिमीटर असतो, बायकांत जरा कमी. ३ च्या पुढे गेला की त्याला फुगा म्हणजे ॲन्युरिझम म्हणतात. पुरुषांत ५.५ च्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार होतो, बायकांत त्याआधीच, कारण त्यांचा फुगा लहान असतानाही फुटतो. सर्वांत मोठे कारण विडी-सिगारेट. आइन्स्टाइन यांना हाच आजार होता आणि त्यांचा पाइपही प्रसिद्धच आहे. १९४८ मध्ये डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळले. इलॅस्टिन तर नव्याने करता येत नाही, निदान सेलोफेन टोचून भोवती जाड व्रण धरेल आणि भिंत टिकेल, असा तो हिशोब होता. सहा वर्षांहून थोडी जास्त टिकली. एप्रिल १९५५ मध्ये ती फुटली.

असा फुगा बहुधा दुखत नाही. बारीक माणसाला फार तर पोटात काहीतरी उडते आहे असे वाटते, आणि तेवढ्यावरून घरचे बेंबी बघायला नेतात. माझ्या मोठ्या दिरांचे असेच झाले. विडीवाले, अंगाने काटकुळे. दोन वर्षे त्यांचे पोट चोळले जात होते. मग प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली आणि महाधमनी ४.६ सेंटिमीटर निघाली. आता विडी सुटली आहे, प्रेशरची गोळी चालू आहे आणि ठरलेल्या मुदतीने मोजमाप होते. इतक्या रुंदावलेल्या भिंतीवर कुणी जोर लावून अंगठे दाबावेत, हे मला तरी बघवणार नाही.

इंग्लंडमध्ये २००९ पासून टप्प्याटप्प्याने अशी सोय झाली, की पुरुषाला पासष्टाव्या वर्षी एकदा बोलावून पोटाची सोनोग्राफी करतात आणि हा एक व्यास मोजतात. आपल्याकडे सरसकट अशी योजना नाही. पण पित्ताशयासाठी, प्रोस्टेटसाठी, मूतखड्यासाठी पोटाची सोनोग्राफी ज्येष्ठांची होतच असते, अगदी तालुक्याच्या गावीसुद्धा. माझ्याकडे शेजारपाजारचे लोक रिपोर्ट वाचायला आणतात. त्यांत यकृताचा आकार असतो, दोन्ही मूत्रपिंडांची लांबी-रुंदी असते आणि महाधमनीच्या वाट्याला शेवटी 'नॉर्मल' एवढा एक शब्द. कधी तोही नाही. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे, की साठीपुढच्या माणसाच्या रिपोर्टात तिथे मिलिमीटरमध्ये आकडा लिहावा. गॅसमुळे दिसली नाही तर 'दिसली नाही' असे लिहावे. मोजायला मिनिटभर लागते. आज २६ लिहून ठेवले तर पुढच्या खेपेचे ३१ कळतील, नुसत्या 'नॉर्मल'ची तुलना कशाशी करायची?

पत्रलेखक गृहस्थांना एवढेच सांगणे, की वडिलांनी कधी विडी-सिगारेट ओढली असेल तर पुढच्या चोळण्याआधी हा आकडा मिळवा. आणि त्यांच्या पोटात किंवा पाठीत एकाएकी जोराची कळ आली, घाम फुटला, चक्कर आली, तर बेंबी सरकली किंवा खडा उतरतोय असे म्हणत घरी थांबू नका. सीटी स्कॅन आणि ऑपरेशन थिएटर आहे अशा मोठ्या रुग्णालयात थेट न्या.

आपली,
एक निवृत्त अध्यापिका, मिरज