आम्हाला कामाला लावल्याबद्दल

प्रिय ग्रंथपाल मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं, तर "अहो, हे कशाला?" म्हणत तुम्ही ते टेबलाच्या खणात सारलं असतं आणि पुढच्या वाचकाचं कार्ड बघायला घेतलं असतं. म्हणून उघडच लिहितेय. तुम्ही दुसऱ्या शाखेत रुजू होणार असं कळलं. तिकडच्या वाचकांना आधीच सावध केलेलं बरं, हाही एक हेतू आहे.

आभार कोणत्या गोष्टीचे मानायचे याचा बराच विचार केला. पुस्तकं तर मिळालीच. मागणी नोंदवलेलं पुस्तक आलं की तुमचा फोनही यायचा. पण खरे आभार मानायचेत ते तुम्ही आम्हाला कामाला लावलंत म्हणून.

तुमच्या आधीही ग्रंथालयात कार्यक्रम व्हायचे. माईक, खुर्च्यांच्या रांगा, पाहुण्यांचा परिचय, भाषण, आभारप्रदर्शन. येणारे नेहमीचेच, आणि त्यातले निम्मे आयोजकांच्या घरचे. तुम्ही आलात आणि सभासदत्वाच्या अर्जावर पत्त्याच्या खाली पेनाने एक ओळ वाढवलीत : "तुम्हाला काय येतं?" छापील अर्ज संपेपर्यंत प्रत्येक अर्जावर ती हाताने लिहीत होतात. लोक बुचकळ्यात पडायचे. "म्हणजे शिक्षण लिहायचं का?" असं विचारायचे. तुमचं उत्तर ठरलेलं असायचं : "शिक्षण नको, येतं काय ते लिहा." कुणी विणकाम लिहिलं, कुणी सायकल दुरुस्ती, कुणी हातांच्या खुणांची भाषा. एकाने "काही नाही" लिहिलं, तर त्याला तुम्ही पुस्तकांना कव्हर घालायला बसवलंत. आज तोच नव्या लोकांना पुस्तकाची पाठ कशी बांधायची ते शिकवतो.

माझ्या वडिलांनी त्या रकान्यात लिहिलं होतं : "खिळे जुळवता येतात. आता उपयोग नाही." म्हणजे खरं तर मी लिहिलं, त्यांनी सांगितलं. हयातभर छापखान्यात जुळारी म्हणून खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, ओळीत बसवायचं काम केलेल्या माणसाला डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे मधलंच दिसेनासं झालं होतं. कडेचं दिसायचं, पण जे बघायचं त्याच्यावरच काळा डाग. भिंगाने वर्तमानपत्राचा मथळा कसाबसा लागायचा, खालची बातमी नाही. त्यांना ग्रंथालयात आणायचं म्हणजे जखमेवर मीठ, असं घरात सगळ्यांचंच मत होतं. तरी आणलं, कारण बोलती पुस्तकं इथे मिळतात असं कुणीतरी सांगितलं होतं.

त्या पहिल्या भेटीत तुम्ही जे समजावलंत ते मला तोवर ठाऊक नव्हतं. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी मोरोक्कोतल्या मराकेश इथे २०१३ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला. अशा वाचकांसाठी प्रत्येक वेळी हक्कधारकाची परवानगी न घेता पुस्तकाची ब्रेल, मोठ्या अक्षरांची किंवा श्राव्य प्रत करता यावी आणि ती एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता यावी, यासाठी तो आहे. सगळ्यांत आधी त्याला मान्यता दिली ती भारताने, २०१४ मध्ये, आणि २०१६ पासून तो अमलात आला. तुम्ही हे सांगितलंत ते वडिलांकडे बघून, माझ्याकडे बघून नव्हे. न दिसणाऱ्या माणसाबद्दल त्याच्या सोबत आलेल्याशी बोलायचं, ही खोड चांगल्या चांगल्या लोकांना असते. तुम्हाला ती नव्हती. मग तुम्ही डेझी पद्धतीचं ध्वनिपुस्तक लावून दाखवलंत. साध्या रेकॉर्डिंगमध्ये मागचं काही शोधायचं तर अंदाजाने मागे-पुढे करत बसावं लागतं. यात थेट प्रकरणावर, पानावर जाता येतं, खूणही ठेवता येते. वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे अनुक्रमणिका आहे?" आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. छापखान्यातल्या माणसाला अनुक्रमणिकेशिवाय पुस्तक हे पुस्तक वाटतच नाही.

पण त्यांना हवी असलेली बरीच पुस्तकं तशी तयार मिळेनात. तेव्हा तुम्ही वाचनाचा तास सुरू केलात. आठवड्यातून एकदा कुणीतरी मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वाचायला कॉलेजची मुलं, ऐकायला वडील आणि त्यांच्यासारखे आणखी काही जण. हे एवढ्यावरच थांबलं असतं तरी मी तुमची ऋणी राहिले असते. पण मुलं भरधाव वाचायची, विरामचिन्हं गिळायची, जोडाक्षरावर अडखळायची. आणि तुम्ही तेव्हा मुलांना दटावलं नाहीत. वडिलांना म्हणालात, "काका, यांना शिकवा." दुसऱ्या आठवड्यापासून वडील तिथे ऐकायला जाईनासे झाले, मास्तरकीला जायला लागले. स्वल्पविरामाला किती थांबायचं, अवतरणातला आवाज कसा बदलायचा, नाव पहिल्यांदा आलं की ते सावकाश का उच्चारायचं. जुळाऱ्याला हे सगळं हातातून माहीत असतं, कारण प्रत्येक चिन्ह त्याने कधी ना कधी खिळ्यांच्या पेटीतल्या घरातून उचलून ओळीत बसवलेलं असतं. आता त्या मुलांतली दोघं-तिघं ग्रंथालयासाठी ध्वनिपुस्तकं वाचून देतात.

त्यानंतर तुम्ही त्यांना चक्क पुस्तकच केलंत! मानवी ग्रंथालयाचा तो कार्यक्रम अजून लोकांच्या बोलण्यात असतो. ही कल्पना डेन्मार्कची. २००० साली रोस्किल्ड इथल्या संगीत महोत्सवात कोपनहेगनच्या काही तरुणांनी पहिलं मानवी ग्रंथालय भरवलं. रोज आठ तास, सलग चार दिवस, आणि पन्नासहून अधिक 'पुस्तकं'. प्रत्येक पुस्तक म्हणजे एक जिवंत माणूस, ज्याच्याबद्दल लोकांच्या मनात काहीतरी पक्कं बसलेलं असतं. वाचकाने ते थोड्या वेळासाठी न्यायचं, समोर बसायचं, हवं ते विचारायचं. पुस्तकालाही एखादं पान बंद ठेवायचा हक्क असतो. तुम्ही हा शेवटचा नियम सर्वांना दोनदा समजावून सांगितलात आणि मोठ्या अक्षरांत लावलातही. मला तो सबंध कार्यक्रमाचा कणा वाटला. तो नसता तर नुसती बघ्यांची गर्दी झाली असती.

आमच्या यादीत तुरुंगातून सुटून आलेले एक गृहस्थ होते, तोतरं बोलणारी एक शिक्षिका होती, आणि "ज्याचा धंदाच संपला तो माणूस" या नावाखाली आमचे वडील होते. समोर एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा बसला. जुळारी खिळ्यांची ओळ वाचतो ती उलटी धरून, कारण खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं असतं, हे वडिलांनी सांगितल्यावर त्याचा विश्वासच बसेना. त्याने कागदावर स्वतःचं नाव लिहिलं, कागद फिरवला, मागून उजेडात धरला आणि खात्री करून घेतली. मग विचारलं, "आता तुम्हाला दिसत नाही, तर राग येतो का?" मी शेजारच्या टेबलावर होते. इतक्या वर्षांत घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. वडिलांनी उत्तर दिलं, पण ते त्या दोघांमधलं, इथे लिहिणार नाही.

लहान मुलांच्या गोष्टींच्या तासाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याबद्दल माझ्यापेक्षा त्या मुलांचे आईबाप जास्त चांगलं लिहितील. मला आवडलं ते इतकंच, की तुम्ही गोष्ट पूर्ण करायची घाई कधी केली नाहीत. पान उघडायचं आणि "आता हा काय करेल?" असं विचारायचं. मुलाच्या उत्तरात भर घालायची, पुन्हा विचारायचं. संवादातून वाचणं मुलांच्या भाषेला पोषक ठरतं हे अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून तपासलेलं आहे. तुम्ही त्याचं व्याख्यान न देता आधी आयांना, मग आजोबांना, मग मोठ्या भावंडांना तेच करायला बसवलंत. शेवटी शेवटी तुम्ही नुसत्या चटया अंथरायच्या.

सगळंच जमलं असं मात्र नाही, आणि तसं लिहिलं तर तुम्हालाच खोटं वाटेल. संगणकाचा वर्ग फसला. एकाच वेळी सगळ्यांना पडद्यावर बघून शिकवायचं म्हटलं की पुढच्या रांगेतले पुढे जातात आणि मागचे नुसती मान डोलावतात. तुम्ही तो गुंडाळलात आणि त्याऐवजी खिडकीशी एक टेबल टाकलंत : ज्याचा जो अर्ज अडलाय, जो पासवर्ड हरवलाय, तो घेऊन यावं, एका माणसाला एक माणूस. ते उत्तम चाललं. वाचनस्पर्धेबद्दल मात्र आपलं शेवटपर्यंत पटलं नाही. किती पुस्तकं वाचली यावर बक्षीस ठेवलं की मुलं पातळ पुस्तकं शोधतात, हे माझं म्हणणं. पातळ पुस्तक का होईना, हातात तरी आलं, हे तुमचं. असो.

उशिराच्या दंडावरून झालेली चर्चाही मला आठवते. दंड बंद केला तर पुस्तकं परत येणारच नाहीत, असं बैठकीत ठामपणे सांगितलं गेलं. तुम्ही आवाज न चढवता दोन उदाहरणं ठेवलीत : शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०२१ मध्ये उशिराचा दंड रद्द केला. शिकागोत तर त्यानंतर वर्षानुवर्षं घरात पडलेली पुस्तकं परत यायला लागली. दंडाच्या भीतीने माणूस पुस्तक ठेवून घेतो आणि ग्रंथालयाची पायरी चढायचं सोडतो. म्हणजे पुस्तकही गेलं आणि वाचकही. आपल्याकडे निर्णय व्हायला वेळ लागला, पण निदान माफीचा आठवडा तरी पाळला गेला. त्या आठवड्यात परत आलेल्या पुस्तकांचा ढीग तुम्ही मुद्दाम दारातच ठेवला होता, बैठकीला येणाऱ्यांना दिसेल असा. हे तुमचं राजकारण मला फार आवडलं!

ग्रंथालय कसं असावं हे सांगणारे रंगनाथनांचे पाच नियम तुमच्या टेबलामागे लावलेले आहेत. १९३१ साली पुस्तकातून प्रसिद्ध झालेले. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर रिकाम्या खोलीत बसून इतके कंटाळले की परत शिकवायला जायची तयारी केली होती, हे तुम्हीच सांगितलं होतंत. ते पुस्तक आलं त्याच वर्षी तमिळनाडूतल्या मन्नारगुडी भागात बैलगाडीतून पुस्तकं गावोगाव फिरायला लागली. त्याच्याही आधी, १९१० मध्ये, बडोद्याला सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत पाठवल्या. "पुस्तक माणसाकडे गेलं पाहिजे हे तेव्हाच ठरलं होतं, मी काही नवीन करत नाही," असं तुम्ही म्हणायचात. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. पुस्तक माणसाकडे नेणं वेगळं आणि माणसाकडचं काहीतरी ग्रंथालयात आणून ठेवणं वेगळं. दुसरं काम पेटीत भरून होत नाही. त्यासाठी कुणीतरी समोर बसून विचारावं लागतं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं.

वार्षिक अहवालात तुमच्या वाट्याला उपस्थितीचे आकडे आले. आकडे बरेच आहेत आणि ते मोजले पाहिजेत, त्यावरच पुढचं अनुदान ठरतं हे मला कळतं. त्या तक्त्यात एक रकाना वाढवायला सांगा, असं मी समितीला लेखी कळवलं आहे : किती जणांनी काहीतरी करून दिलं. कोणी वाचून दिलं, कोणी शिवून दिलं, कोणी शिकवलं. तुमच्या जागी येणाऱ्यांना तो भरायला सोपं जाईल, कारण लोक आता न विचारताच सांगतात.

तिकडच्या वाचकांना एवढंच सांगायचंय : या बाई गोड बोलतात. "जरा पाच मिनिटं आहेत का?" असं विचारलं की नाही म्हणायची सोय राहत नाही. पुढच्या आठवड्यात तुम्ही खुर्च्या लावत असाल आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात कुणालातरी खुर्च्या लावायला सांगत असाल.

मनापासून आभार.

आपली,
एक सभासद

ता. क. वाचनाच्या तासाच्या कपाटाची किल्ली वडिलांकडे आहे, ती मागायला येऊ नका, ते देणार नाहीत. नव्या शाखेत ध्वनिपुस्तकांसाठी आवाज कमी पडले, तर मुलांची यादी पाठवते. रेकॉर्डिंग इथूनही करता येईल.