ती अर्धी ट्यूब

सोन्या,

लोकलमधून टाइप करतेय, घाटकोपरला बसायला मिळालं म्हणून जमलं, चुका असतील तर हसू नको. सकाळी तुझं कपाट आवरताना मागच्या मे मधे घेतलेली सनस्क्रीनची ट्यूब सापडली. ५० ग्रॅमची, आणि अजून अर्धी भरलेली! अरे तोंड, मान, हात, पाय सगळीकडे नीट लावलं तर एका वेळेला ३० ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे ही दोन रविवारांत संपायला हवी होती, आणि तू मला सांगतोस "लावतो गं आई".

परवा गिरगाव चौपाटीवरून कयाकिंग करून आलास तेव्हाच कळलं होतं मला. लाइफ जॅकेटने छाती-पाठ वाचली, पण मांड्या लालभडक आणि पावलांवर फ्लोटर्सच्या पट्ट्या पांढऱ्या छापलेल्या, कयाकमधे पाय पुढे पसरून बसायचं म्हणजे ऊन तिथेच येणार ना. रात्री चादर लागली तरी ओरडत होतास आणि वर "ढग होते गं, वारा पण मस्त होता". भाजतं ते गरमीने नाही रे, उन्हातल्या न दिसणाऱ्या यूव्ही किरणांनी, आणि ते पातळ ढगातून आरामात येतात, वाऱ्यामुळे फक्त चटका कळत नाही. बुडी मारून पण सुटका नाही, अर्धा मीटर खालीसुद्धा बरंच पोचतं.

मला विचार. कॉलेजात असताना गोराईला गेलो होतो, मी पांढरा कॉटनचा टीशर्ट घालून दिवसभर पाण्यात, वाटलं अंग झाकलंय. कॉटन ओलं झालं की त्यातून ऊन जास्तच आत येतं हे कोणाला माहीत! आठवडाभर खांद्यावर पर्सचा पट्टा ठेवता येत नव्हता, त्यात ट्रेनची गर्दी, आणि मग सालं निघाली ती कोळंबी सोलल्यासारखी. म्हणून तो फुल बाह्यांचा रॅशगार्ड, पाण्यात घालायचा ऊन अडवणारा टीशर्ट, आणलाय, अंकल टाइप दिसतो तर दिसू दे.

आणि पाण्यात उतरायच्या २० मिनिटं आधी लाव, कान, मानेची मागची बाजू, पावलं विसरू नको, ओठांना एसपीएफवाला लिप बाम. वॉटर रेझिस्टंट म्हणजे पाण्यात ४० नाहीतर ८० मिनिटं टिकतं, ट्यूबवर लिहिलेलं असतं, आणि टॉवेलने अंग पुसलंस की परत लावायचं. पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिन चालू आहे ना तुझी, त्याने ऊन आणखी पटकन लागतं, डॉक्टर सांगत होते तेव्हा तू मोबाइलमधे होतास.

शक्यतो सकाळची पहिली बॅच घे. मे मधे सूर्य अगदी डोक्यावर, १५-१६ तारखेला तर दुपारी साडेबाराच्या सुमाराला आपल्या गच्चीवरच्या अँटेनाच्या दांड्याची सावलीच पडत नाही. स्वतःची सावली आपल्यापेक्षा बुटकी दिसली की पाण्याबाहेर ये.

नवी ट्यूब निळ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवलीय. रविवारी रात्री दाबून बघणार आहे मी.

आई