मुक्ताला थेट पाचवीत बसवावं का?

पुणे

प्रिय विज्या,

पत्र मिळालं. फोनवर तू विषय टाळत होतास तेव्हाच वाटलं होतं, घरात काहीतरी शिजतंय. अमोलला लेकीला, म्हणजे मुक्ताला, तिसरीतून एकदम पाचवीत बसवायचंय, तिच्या आईला, स्वातीला, ते मुळीच पटत नाही आणि तू मधल्या मधे सापडलायस. "जन्मभर पोरांना गणित शिकवलंस, आता तूच सांग" म्हणून घोंगडं माझ्या गळ्यात टाकलंस. ठीक आहे, सांगतो. पण मग हे पत्र त्या दोघांनाही वाचायला द्यायचं, निवडक उतारे वाचून दाखवायचे नाहीत. तुझी ती सवय मला माहीत आहे.

आधी एक कबूल करतो, पोरगी खरंच वेगळी आहे. तुझ्या पत्रातलं निम्मं कौतुक आजोबाच्या खात्यात जमा केलं तरी बरंच शिल्लक राहतं. दिवाळीत तुमच्याकडे आलो होतो तेव्हा तिला कापरेकरांचा खेळ दाखवला होता. द. रा. कापरेकर, देवळालीच्या शाळेतले मास्तर. चार अंकी कुठलीही संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक आधी उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करायची. जे येईल त्यावर पुन्हा तेच. मुक्ताने ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. त्यापुढे कितीही करा, ६१७४च येत राहतात. कुठलीही संख्या घेतली तरी फार तर सात पायऱ्यांत गाडी तिथेच येते. कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत हे मांडलं. बहुतेक मुलं हे पाहून खूश होतात, दोन-चार संख्या करून बघतात आणि फटाके उडवायला पळतात. मुक्ता म्हणाली, "दोनच अंक घेतले तर?" मी म्हटलं, बघ करून. बऱ्याच वेळाने वही घेऊन आली ती चेहरा पाडूनच. "आजोबा, हे थांबतच नाही. ९, मग ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९!" वहिनींनी तिच्यापुढे फराळ ठेवला. अर्धी चकली संपल्यावर ती स्वतःशीच म्हणाली, "पण सगळे नऊच्या पाढ्यातले आहेत."

विज्या, हे मी तिला सुचवलं नव्हतं. दोन अंकांची अदलाबदल करून वजाबाकी केली की उत्तर कायम नऊच्या पटीतच येतं, हे आठवीच्या पोरांना बीजगणिताने सिद्ध करून दाखवावं लागतं आणि तरी निम्मी नुसती उतरवून घेतात. तेव्हा हुशार आहे की नाही, याचा काथ्याकूट बंद करा.

आणि म्हणूनच त्या बुद्ध्यांकाच्या कागदाचं एवढं काही वाटून घेऊ नका. १४८ आला, हे तू पत्रात दोनदा लिहिलंयस! पॅरिसमध्ये आल्फ्रे बिने यांनी १९०५ साली पहिली चाचणी केली ती हुशार मुलं निवडायला नव्हे, तर शाळेत जादा मदत कुणाला लागेल ते ओळखायला. आपल्याकडे कामत नावाच्या अभ्यासकांनी तिचं मराठी आणि कानडी रूप केलं ते १९३०च्या दशकात, आणि त्या घराण्यातल्या चाचण्या अजूनही वापरात आहेत. अडचण अशी की पिढ्यांमागून पिढ्या मुलं या चाचण्यांत सरस ठरत गेली. त्यामुळे जुन्या प्रमाणकांवर, म्हणजे जुन्या पिढीच्या सरासरीवर, आजची मुलं मोजली की आकडा फुगतो. तुमची चाचणी कुठली आणि तिची प्रमाणकं कधीची, ते अमोलने विचारलं का? नसेलच विचारलं.

बरं, चाचणी अगदी चोख असली तरी काय? कॅलिफोर्नियात लुइस टर्मन यांनी १९२१पासून दीड हजारांवर हुशार मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांची नोंद ठेवली. त्यातली बरीच जण पुढे चांगली नावारूपाला आली, पण नोबेल एकालाही मिळालं नाही. ज्यांना मिळालं त्यातले दोघे, शॉकली आणि अल्वारेझ, लहानपणी याच चाचणीत कमी पडले म्हणून वगळले गेले होते. एकाला १९५६चं, दुसऱ्याला १९६८चं, दोघांनाही पदार्थविज्ञानातलं. म्हणून चाचण्या निरुपयोगी असं मी म्हणत नाही. शाळा ऐकत नसेल, मूल वर्गात कोमेजत असेल, तर असा कागद कामी येतो. पण तो फायलीत असू दे, दिवाणखान्यात नको.

आता वर्गाचं. शंभरपैकी शंभर मिळतात याचा आनंद तुम्हा सगळ्यांना आहे, मला त्याचीच काळजी वाटते. शंभरपैकी शंभर म्हणजे तिची पोच किती ते कळलेलंच नाही, पेपर आधी संपला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७१मध्ये याच मुद्द्यावरून काम सुरू केलं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची कॉलेज प्रवेशाची गणिताची परीक्षा त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना दिली. शाळेच्या परीक्षेत सगळी पहिल्या नंबराची, पण इथे त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसला. आणि मग ज्याला जेवढं पुढचं झेपेल तेवढं त्याला दिलं. अमोल म्हणेल, मग माझंच बरोबर ना? अर्धं बरोबर आहे. वर्ग गाळून पुढे गेलेली मुलं बिघडतात ही आपली भीती तिकडच्या अभ्यासात फारशी खरी ठरलेली नाही. हे मी स्वातीसाठीही लिहितोय.

तरी माझं मत पडतं ते फक्त गणितात पुढे नेण्याच्या बाजूने. गणिताच्या तासाला मुक्ताने पाचवीत जाऊन बसावं आणि बाकी दिवस आपल्या तिसरीत. त्याचं कारण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कॅरममध्ये राणी धाकट्या भावाने, ओमने, घेतली तेव्हा हिने बोर्ड उलथवला आणि पलंगाखाली जाऊन बसली. आठ वर्षांच्या पोरीने तसं करावं, त्यात काही विशेष नाही. पण तुम्ही सगळे तिला रागावलात ते "एवढी हुशार असून असं वागतेस?" म्हणून. अरे, डोकं बारा वर्षांचं असलं तरी राग आठ वर्षांचाच आहे ना! हात तर त्याहून लहान. तिचं अक्षर बघ, डोक्यात उत्तर आलेलं असतं आणि पेन्सिल मागे राहते, म्हणून ती चिडते. पाचवीचं इतिहास-भूगोलाचं लिखाण तिच्या गळ्यात पडलं तर गणिताची मजा राहील बाजूला आणि रोज संध्याकाळी वह्या पूर्ण करत रडारड होईल.

गणिताच्या दोन्ही तासांची वेळ जुळवणं हे मुख्याध्यापिकाबाईंचं काम आहे. "नियमात बसत नाही" असं त्या आधी म्हणणारच. त्यांच्याशी अमोलने नाही, स्वातीने बोलावं. अमोल आवाज चढवतो. प्रवेश बदलायचा नाही, हजेरी तिसरीतच, फक्त एका तासाला जागा बदलायची, एवढंच मागायचं. पाचवीच्या गणिताच्या शिक्षकांना आधी भेटलात तर निम्मं काम झालं समजा. वर्गात असं एखादं मूल येऊन बसावं असं वाटणारे मास्तर अजून आहेत.

आणि अमोलला घाई डॉक्टरकीची असेल तर सांग, नीटला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सतरा वर्षं पूर्ण असावी लागतात. इयत्ता गाळून वाचवलेलं वर्ष शेवटी घरीच बसून काढायचं.

तुझ्यासारख्या लातूरकराला हे सांगायला मला जरा धीर करावा लागतोय. तुमच्याकडे हवेतच क्लास आहेत. लातूर पॅटर्नने गावोगावच्या शेतकऱ्यांची पोरं डॉक्टर-इंजिनिअर केली, त्याला माझा सलाम आहे. पण ती शिस्त एका ठरलेल्या परीक्षेसाठी बांधलेली आहे. सहावीपासूनचे ते फाउंडेशन क्लासवाले तुला भेटून गेले म्हणतोस, त्यांना चहा पाज आणि वाटेला लाव. या पोरीला एकाच साच्याची दोनशे गणितं देणं म्हणजे छळ आहे. तिला एकच गणित द्या, जे तिला दोन दिवस सुटणार नाही. अबॅकसचंही तेच. हात चलाख होतो, पण "दोनच अंक घेतले तर?" हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही.

आता तुझी कानउघाडणी. आल्यागेल्यासमोर तिला एकोणतीसचा पाढा उलटा म्हणायला लावतोस ते बंद कर. मागच्या वेळी तुमच्या शेजारचे जोशी आले तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. त्याचा व्हिडिओ तू स्टेटसला टाकलास तोही मी पाहिला. १९९८ साली म्युलर आणि ड्वेक या दोघींचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. पाचवीच्या मुलांना काही कोडी सोडवायला दिली, मग काहींना म्हटलं "किती हुशार आहेस", काहींना म्हटलं "चांगली मेहनत घेतलीस". पुढची कोडी निवडायची वेळ आली तेव्हा हुशार म्हणवलेली मुलं सोप्याकडे वळली, अवघड आल्यावर लवकर खचली, आणि आपले गुण दुसऱ्यांना वाढवून सांगणारीही त्यांच्यातच जास्त निघाली. पुढे या विषयाचा फार बाजार झाला, शाळाशाळांत तक्ते लागले, आणि तक्त्यांनी काही साधत नाही हेही दिसलं. पण मूळ गोष्ट मी वर्गात पाहत आलोय. चौथीच्या स्कॉलरशिपला बोर्डावर नाव झळकलेली मुलं नववीत हात वर करायची बंद होतात. उत्तर चुकलं तर नाव जाईल ना! मुलींमध्ये तर हे जास्तच, कारण हुशारी लपवली तर मैत्रिणी टिकतात हे त्यांना फार लवकर कळतं.

मैत्रिणींवरून आठवलं. तिला सोबत हवी आहे, तिच्याच जातकुळीची. पुण्याला बिऱ्हाड हलवू का, असं विचारलंयस. नको. अमोलची नोकरी तिथे, वहिनींचे गुडघे असे, आणि एका मुलीपायी आख्खं घर उचललं की त्या उपकाराचं ओझं तिच्याच डोक्यावर बसतं. ज्ञान प्रबोधिनीची प्रशाला इथे १९६९पासून आहे, पाचवीला बुद्धिमापनाच्या चाचण्या घेऊन मुलं घेतात. आप्पा पेंडशांनी १९६२मध्ये संस्था काढली तीच हुशार मुलांनी समाजाचं काम करावं म्हणून. त्या ध्येयाबद्दल मला आदर आहे, फक्त दहा वर्षांच्या खांद्यावर देश ठेवताना माझा हात जरा अडखळतो. पण तुला पुण्यापर्यंत यायची गरजच काय? किल्लारीच्या भूकंपानंतर त्याच लोकांनी तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात, हराळीला, निवासी शाळा उभी केली. सुट्टीत एक दिवस जाऊन ये, शेती आणि शाळा एकत्र कशी चालते ते पोरांनाही दाखव. नवोदयचा विचार पाचवीत करा. सहावीपासून प्रवेश, राहणं-जेवण फुकट. मात्र तिथल्या पाऊणएक जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, तुम्ही शहरातले, तेव्हा चुरस जास्त. शिवाय दहा-अकराव्या वर्षी घर सोडायचं की नाही, हे तेव्हा तिलाच विचारायचं.

सगळ्यात जास्त मला लिहायचंय ते ओमबद्दल, आणि तुझ्या पत्रात त्याचं नाव एकदाच आलंय, तेही "ओम आपला साधारण आहे" असं. पाच वर्षांचं पोर साधारण आहे हे ठरवलं कुणी? आणि ठरवलं असेल तर त्याच्यासमोर बोलता का? दिवाळीत मुक्ता वही घेऊन बसली होती तेव्हा हा पठ्ठ्या बिघडलेल्या टॉर्चचा सेल उलटा घालून, परत सुलटा घालून बघत होता. लागला तेव्हा त्याने आरडाओरडा केला नाही, माझ्या तोंडावर उजेड मारून निघून गेला. तुमच्यापैकी कुणाचं लक्षही नव्हतं. मुक्ताची चर्चा दिवसरात्र त्याच्या कानावर पडते. घरात हुशार हे पद एकच आहे आणि ते भरलंय, हे एकदा त्याच्या मनाने घेतलं की तो दुसरं पद शोधेल. खोडकराचं किंवा आजाऱ्याचं. अशी भावंडं माझ्या वर्गात कितीतरी होती. स्वातीचा जीव तिथेच तुटतोय असं मला वाटतं. तिला पाचवीपेक्षा ही भीती जास्त असणार, पण तसं ती तुमच्यासमोर बोलायची नाही. तू विचारून बघ, अमोल घरात नसताना.

मे महिन्यात दोघांना इकडे पाठव. दोघांना, एकटीला नाही. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचं मुक्तांगण हे विज्ञान केंद्र आहे, तिथे टाकाऊ वस्तूंची खेळणी करायला शिकवतात, चौकशी करून ठेवतो. तिथे ओम रमेल, आणि मुक्ताला काही गोष्टी त्याच्याकडून शिकाव्या लागतील. दुपारी मी आहेच. पर्वतीला मात्र चढायला लावणार, सांगून ठेव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. गुडघ्याच्या तेलाचं नाव विसरलास ते कळव.

तुझा,
सुध्या

ता. क. – पुस्तकांचं पार्सल एसटीने पाठवलंय, स्टँडवरून आठवणीने घेऊन ये. त्यातलं वरचं जाड, चित्रांचं पुस्तक ओमचं आहे. त्याचं वाचून होईपर्यंत मुक्ताच्या हाती लागू देऊ नकोस.