सहा कोरी व्हाउचरं

भुसावळ, रविवार

चि. माई,
सलाम.

काल फोनवर तू हसत हसत सांगितलंस, साहेबांनी सहा कोऱ्या व्हाउचरवर 'तयार करणार'च्या जागी तुझी सही घेऊन ठेवली, घाईत कामाला येतात म्हणून. तू हसलीस. मी रात्री दोनदा उठून पाणी प्यालो. आईला काही बोललो नाही.

चर्चचं ऑफिस, सगळी आपलीच माणसं, मान्य. मोठे बाबाही आपल्याच मंडळीचे खजिनदार होते. कापणीच्या सणाचा लिलाव तुला आठवत नसेल, तू कडेवर होतीस. केळीचा घड, भरिताची वांगी आणि एक पपई. ती पपई तीनदा विकली गेली. घेणारा पुन्हा देवालाच देई. बोली लागली की मोठे बाबा वहीत 'जमा' लिहीत, आणि माणूस 'पगारावर देतो' म्हणून घरी जाई. ऑडिटला वहीपेक्षा थैलीत ११४० रुपये कमी. चोर कोणी म्हटलं नाही. फक्त पुढच्या रविवारी दानाची थैली फिरवायला पाळकांनी दुसऱ्याला उठवलं. मोठ्या आईच्या पाटल्या मोडून पैसे भरले. मोठे बाबा मात्र मागच्या बाकावर बसायला लागले, ते शेवटपर्यंत.

म्हणून सांगतो, रक्कम आणि नाव लिहिल्याशिवाय सही करायची नाही. थैली मोजताना दोघं हवेत. वसतिगृहाचा पैसा 'तात्पुरता' पगाराला वापरू म्हणाले तर आधी कमिटीचा ठराव मागायचा, तोंडी चालणार नाही. पाळकसाहेबांनी सांगितलं तरी...

बघ, लागलो भाषण द्यायला. राग मानू नकोस. तू बी.कॉम., मी जन्मभर पार्सलच्या पावत्या फाडल्या. परदेशी देणगी आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच येते, इथल्या दानात मिसळायची नाही, तिच्या वर्षाच्या हिशेबाचा फॉर्म, एफसी-४, ३१ डिसेंबरच्या आत भरायचा, हे तूच मला समजावलंस. मी कळल्यासारखी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर रिटायर मंडळींना असं ऐकवलं, जसं काही मलाच पहिल्यापासून ठाऊक होतं. एकाने विचारलं, एफसी म्हणजे काय? मी म्हटलं, गाडी आली वाटतं.

धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब विश्वस्तांच्या सहीने जातो, तुझ्या नाही, हेही खरं. पण व्हाउचरवर अक्षर तुझं राहील ना? आलो बघ, फिरून तिथंच.

शेजारचा पोऱ्या शुक्रवारी येतोय. कळण्याचं पीठ आणि लसणाची चटणी पाठवतोय. पिठाला हवा लागू देऊ नकोस. आईचं बीपी बरं आहे, म्हणजे ती तसं सांगते.

ती सहा व्हाउचरं परत माग. आडवी रेघ मारून 'रद्द' लिही, फाडू नकोस, फाइलला लाव. मागताना लाज वाटली तर माझं नाव सांग, म्हातारा फार किरकिरा आहे म्हण. आणि झालं की कळव. फोनवर नको, आई ऐकते.

तुझे पप्पा