बाबा, तुमच्या कपाटाची गोष्ट मी सगळ्यांना सांगितली

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा "बरं आहे ना? घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात. हे मात्र बाबांशीच बोलायचंय, म्हणून पत्र.

बाबा, गेल्या महिन्यात बंगळुरूला मी भरल्या सभागृहात तुमच्या कपाटाची गोष्ट सांगितली. तुम्हाला न विचारता. नाव घेतलं नाही, "माझे वडील" एवढंच म्हटलं.

२०१९ ची ती गोष्ट. तुम्ही जुनं कपाट विकायला काढलंत. "मी सैन्यात आहे, आगाऊ पैसे पाठवतो" म्हणणारा एकजण भेटला. मोबाइलवर "विनंती मंजूर करा" आलं, तुम्ही पिन टाकलात आणि साडेआठ हजार गेले. जन्मभर गणित शिकवलेला माणूस आठवडाभर जेवताना बोलला नाही, हे आईने मला हळूच सांगितलं होतं.

तुम्ही विचारता ना, आता कोडही लिहीत नाहीस, मग करतेस काय? हेच करते. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. पण "मंजूर करा" वाचून पैसे येताहेत असंच कुणालाही वाटेल. तुम्ही वापरलेलं ते ॲप आमच्या कंपनीचं नव्हतं, पण आमच्याही ॲपमध्ये तेच शब्द होते! मी म्हटलं, सरळ लिहा: "तुमच्या खात्यातून एवढे रुपये जातील." रक्कम ठळक, मागणाऱ्याचं नाव सगळ्यात वर. आकडे बघणाऱ्यांनी नाक मुरडलं. लोक मध्येच थांबतील म्हणे. अहो, थांबावेत म्हणूनच तर! "घरचं उदाहरण म्हणजे डेटा नव्हे," असंही एकाने सुनावलं. त्या खोलीत बाई मी एकटीच. मग तीन आठवडे तक्रारींची रेकॉर्डिंग ऐकत बसले. त्यातले कितीतरी आवाज तुमच्यासारखेच होते, आधी खाकरून मग बोलणारे. बटण बदललं. पुढे एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्याकडे अशी मागणी पाठवायची सोयच बंद केली. त्यात माझा काही हात नाही, तरी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले.

आई, भाषणाचा उरलेला भाग तुझा होता. २०१५ साली ओवी झाली तेव्हा कायद्याने बाराच आठवडे रजा होती. परत आले तर माझं काम दुसऱ्याकडे. "तुला त्रास नको म्हणून," असं गोड बोलून. तू मिरजेहून आलीस आणि अकरा महिने राहिलीस. बाबा तिकडे डब्यावर. तू नसतीस तर मी नोकरी सोडली असती, हे तेव्हा तुला सांगितलं नाही.

२०१७ मध्ये रजा सव्वीस आठवड्यांची झाली, पन्नास किंवा जास्त माणसांच्या कार्यालयाला पाळणाघर सक्तीचं झालं. कागदावर! आमचं पाळणाघर नऊ किलोमीटर दूर, बंगळुरूच्या रहदारीत. ज्यांची आई येऊन राहू शकत नाही त्यांनी काय करायचं, हे विचारत मी दीड वर्ष मागे लागले. लोक मला "पाळणाघरवाली" म्हणायला लागले. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. आता ते दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि रडण्याचा आवाज बैठकीत येतो म्हणून तक्रारही येते. येऊ दे.

गेल्या आठवड्यात मला प्रॉडक्टची प्रमुख केलं. शेजारच्या काकांना "कॉम्प्युटरमध्ये मोठी साहेब" सांगितलंत तरी चालेल.

भाषणाचा व्हिडिओ पाठवते. आवडला नाही तर स्पष्ट सांगा, पुढच्या वेळी "एक ओळखीचे गृहस्थ" म्हणेन. आणि ते कपाट अजून जिन्याखालीच आहे का? असेल तर दिवाळीला आले की भंगारवाल्याला देऊ. रोखीत.

तुमची,
मनू