पेठांतला धूर थांबवायचा, तर सुरुवात टेम्पोपासून

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर हिवाळ्यात आपल्या वृत्तपत्रात पुण्याच्या हवेची बातमी येते आणि तिच्या पाठोपाठ पेठांत वाहनबंदी करावी की नाही, हा वादही येतो. बंदी मागणारे बहुतेक जण पेठांबाहेर राहतात, नको म्हणणारे बहुतेक इथे धंदा करतात. मी राहतेही इथेच आणि धंदाही इथेच करते. अप्पा बळवंत चौकामागच्या गल्लीत आमचं कागदाचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आणि गेली बावीस वर्षं गल्ल्यावर मी बसते. पेठांत धूर न सोडणारी वाहतूक मला हवी आहे आणि लवकर हवी आहे. पण तिची सुरुवात गिऱ्हाइकाच्या स्कूटरपासून नको, आमच्या मालाच्या टेम्पोपासून व्हावी, आणि तिचे नियम आम्हाला समोर बसवून ठरावेत, एवढं सांगण्यासाठी हे पत्र.

कागदाच्या दुकानात धूर लपत नाही. सकाळी फोडलेल्या रिमाचा वरचा ताव संध्याकाळपर्यंत मळलेला असतो. त्यावर बोट फिरवलं की पांढरी रेघ उठते. तो ताव गिऱ्हाइकाला देता येत नाही, कच्च्या हिशेबाला जातो. सासऱ्यांच्या काळातही धूळ बसायची, पण फडक्यानं झटकली की निघून जायची. ही काजळी झटकली तर आणखी पसरते. दुकानात कामाला असलेली मुलगी दिवाळीपासून होळीपर्यंत खोकते. ती दिवसाचे दहा तास रस्त्यापासून चार फुटांवर उभी असते, याहून वेगळं कारण मला तरी दिसत नाही.

ज्यांना टेम्पोचा मुद्दा पटत नसेल त्यांनी सकाळी दहा ते बारा आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहावं. एक टेम्पो पहिल्या गिअरमध्ये घरघरत आत शिरतो. पुढे हातगाडी आडवी, मागे रिक्षाचा हॉर्न. माल उतरेपर्यंत इंजिन चालूच, कारण बॅटरी उतरलेली असते आणि बंद पडला तर ढकलायला माणसं लागतात. एवढं करून हौद्यात असतात चार गठ्ठे. तासाभरानं शेजारच्या दुकानाचे तीन गठ्ठे घेऊन दुसरा टेम्पो येतो, तोही त्याच ट्रान्सपोर्टच्या गोदामातून. गिऱ्हाइकाची दुचाकी एकदा येते आणि लावली की गप्प उभी राहते. टेम्पो मात्र दिवसभर त्याच अरुंद गल्ल्यांतून खेपा करत राहतो. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांच्या धुरासाठी बीएस-सहाचा कडक नियम आला. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याआधीच्या टेम्पोंत तो नसतो. आमच्याकडे माल आणणाऱ्या गाड्या बहुतेक जुन्याच. माणसं वाहून नेणारी गाडी नवी घेतली जाते आणि माल वाहणारी पार मोडेपर्यंत चालवली जाते, हा या धंद्याचा रिवाजच आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर आम्ही पाच दुकानदार एकत्र आलो. दोन कागदवाले, एक वह्यावाले, एक लग्नपत्रिकांचे, एक शालेय पुस्तकांचे. ठरवलं असं की पाचही जणांचा माल एकाच विजेवरच्या तीनचाकीतून आणायचा, आणि तोही शक्यतो सकाळी नऊच्या आत. तिच्यात साधारण अर्धा टन माल बसतो, म्हणजे ए-फोरची जेमतेम दोनशे रिमं. पूर्वी आमच्या पाच दुकानांच्या मिळून दिवसाला नऊ-दहा खेपा व्हायच्या, त्या आता तीन-चारांवर आल्या. जूनमध्ये शाळांचा हंगाम असतो तेव्हा सहाही होतात.

हे ऐकायला जितकं सरळ वाटतं तितकं ते नव्हतं. पहिली शंका आमच्या हमालांनी काढली. खेपा कमी झाल्या तर वाराई, म्हणजे माल उतरवायची मजुरी, कमी होणार, मग आमचं काय? त्यांचं म्हणणं रास्त होतं. वाराई खेपेवर न ठेवता नगावर ठरवली, तेव्हा ते राजी झाले. आता उलट सकाळी लवकर काम आटपतं म्हणून तेच आम्हाला उशीर करू देत नाहीत. दुसरा प्रश्न कर्जाचा. ही तीनचाकी घेणाऱ्या आमच्या टेम्पोवाल्यांचे कागद एका बँकेनं दोनदा परत पाठवले. तीन वर्षांनी ही गाडी कितीला विकली जाईल, याची खात्री नाही म्हणे. अखेर एका पतपेढीनं कर्ज दिलं, पण व्याज जास्त. तिसरा प्रश्न आजही सुटलेला नाही, तो चार्जिंगचा. ते राहतात वाड्यात. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडून ते गाडी चार्ज करत, तर घरमालकानं हरकत घेतली. आता गाडी रात्री आमच्या दुकानासमोर उभी राहते आणि आमच्या मीटरवरून चार्ज होते. म्हणजे एका गाडीची सोय झाली. गल्लीतल्या बाकीच्या वीस-पंचवीस गाड्यांनी काय करायचं?

इथेच महापालिकेची गरज लागते, आणि इथेच दुसऱ्या देशांचं उदाहरण कामाचं आहे. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२५ पासून ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, उट्रेख्तसह डझनाहून अधिक शहरांच्या मध्यभागात मालवाहू गाड्यांसाठी शून्य उत्सर्जन क्षेत्रं, म्हणजे धूर न सोडणाऱ्या गाड्यांचे पट्टे, सुरू झाली. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती त्याआधीची तारीख. सरकार, शहरं आणि वाहतूकदार यांनी मिळून त्याचा करार केला तो २०१४ साली. गाडी बदलायला लोकांना दहा वर्षं मिळाली. जुन्या गाड्यांनाही एका रात्रीत हाकललं नाही, टप्प्याटप्प्यानं मुदत दिली. लंडननं २०१९ मध्ये आपलं कमी धुराचं क्षेत्र आधी शहराच्या गाभ्यापुरतं ठेवलं आणि संपूर्ण शहरापर्यंत ते पोहोचायला २०२३ साल उजाडलं. तिथे धुराच्या जुन्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड मोजावे लागतात, पण जुनी गाडी मोडीत काढायला मदतही दिली गेली. आपल्या देशातलं पाहायचं तर दिल्लीचा चांदनी चौक आहे. नव्यानं बांधलेला मुख्य रस्ता २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंद आहे. तोही घाऊक बाजारच आहे, आणि तो बाजार चालू आहे.

आपल्याकडे ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो, २०२१ पासून. मी दर वर्षी जाते. रस्त्याच्या मधोमध निवांत चालणाऱ्या आज्या आणि खेळणारी मुलं पाहून फार बरं वाटतं. पण त्या दिवशी माल येतो कुठून, हे कुणी विचारत नाही. तो बाजूच्या गल्ल्यांतून येतो आणि लक्ष्मी रस्त्याचा धूर त्या दिवसापुरता आमच्याकडे राहायला येतो. एका दिवसाचा सोहळा आणि रोजची व्यवस्था यांत हा फरक आहे.

पुणेकरांना असली व्यवस्था जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी विसर्जनाची आठवण देते. लक्ष्मी, कुमठेकर, केळकर, टिळक हे चारही रस्ते बंद असतात आणि कुठल्या दुकानात माल संपला म्हणून कुणी ओरडत नाही, कारण तारीख महिनोन् महिने आधी माहीत असते. मंडळं, पोलीस, महापालिका, व्यापारी एका टेबलाशी बसतात आणि ठरवतात. पालखी येते तेव्हाही तेच. शिवाय या गावात हमाल पंचायत आहे, रिक्षा पंचायत आहे, व्यापाऱ्यांच्या संघटना आहेत. कष्टकऱ्यांशी बोलणी कशी करावी हे पुण्याला कुणी शिकवायला नको. रिक्षांना सीएनजी किट बसवायला महापालिकेनं अनुदान दिलं आणि रिक्षा बदलल्या, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि सामग्रीचं म्हणाल तर टेम्पो हा शब्द घराघरांत नेणारी कंपनी आकुर्डीची, विजेवरची चेतक बनते तीही आकुर्डीत. गाड्यांचा धूर तपासणारी एआरएआय वेताळ टेकडीवर, हवेची मोजणी करणारी ‘सफर’ यंत्रणा उभारणारी संस्था पाषाणला. हे सगळं पेठांपासून तासाभराच्या आत आहे. कमी आहे ती एकत्र बसण्याची.

कारण आज गाडी कुठे उभी करायची हे महापालिका ठरवते, कधी शिरायचं ते वाहतूक पोलीस, नोंदणी आरटीओकडे, बस पीएमपीकडे, वीज महावितरणकडे. आम्ही एकाकडे गेलो की तो दुसऱ्याचं नाव सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ नुसार ठरावीक भागात ठरावीक वाहनांवर निर्बंध घालता येतात, तेव्हा अधिकार नाही असं म्हणायला जागा नाही. विजेवरच्या मालवाहू गाड्यांना केंद्र सरकारनं २०१८ मध्येच परमिटमधून सूटही दिली आहे.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. शनिवारवाडा, अप्पा बळवंत चौक, लक्ष्मी रस्ता, मंडई एवढाच पट्टा घ्यावा. तिथे पहिल्यांदा येणारी मालाची नवी गाडी विजेवरचीच असावी, हा नियम आधी. जुन्या डिझेल टेम्पोंसाठी पुढची तारीख आजच जाहीर करावी आणि मग ती हलवू नये. आमच्यासारख्यांना तारीख पुढे ढकलल्याचा त्रास बंदीपेक्षा जास्त होतो, कारण ज्यानं वेळेत कर्ज काढलं तोच मूर्ख ठरतो. मंडईजवळच्या महापालिकेच्या वाहनतळांवर रात्री टेम्पोंना चार्जिंगची जागा द्यावी. पट्ट्याच्या कडेला एखादं सामाईक गोदाम मिळालं, तर पाच दुकानांचं जे जमलं ते पन्नासांचंही जमेल.

गिऱ्हाइकांसाठी २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो थेट मंडईपर्यंत आली आहे. पिंपरीचे विद्यार्थी आता तिनंच आमच्याकडे येतात. मात्र स्थानकातून बाहेर पडल्यावर वयस्कर माणसाला पुढचा अर्धा किलोमीटर जड जातो. दहा रुपयांत दिवसभर फिरवणारी छोटी ‘पुण्यदशम’ बस २०२१ मध्ये याच पेठांसाठी आली होती. तशीच विजेवरची छोटी बस पाच-पाच मिनिटांनी फिरली, तर स्कूटर घरी ठेवा असं लोकांना सांगावं लागणार नाही.

विजेवरची गाडी म्हणजे धूर नाहीसा झाला असं नाही, हे मला ठाऊक आहे. आपली बरीचशी वीज अजून कोराडी आणि चंद्रपूरच्या कोळशातून येते, आणि तिथेही माणसंच राहतात. टायर आणि ब्रेकची धूळ तर कुठल्याही गाडीची उडते. त्यामुळेच मला गाडी बदलण्याइतकीच खेप वाचवणं मोलाचं वाटतं. नऊच्या चार खेपा झाल्या, तर उरलेल्या पाच खेपांचा धूर इथेही होत नाही आणि चंद्रपूरलाही होत नाही.

आमच्या दोन वर्षांच्या खेपा, भाडं, वाराई आणि विजेचं बिल मी एका वहीत तारीखवार लिहून ठेवलं आहे. महापालिकेतल्या किंवा वाहतूक शाखेतल्या कुणाला ती पाहायची असेल, तर कुठल्याही दिवशी सकाळी नऊच्या आत या. त्या वेळी गाडी दुकानासमोरच असते आणि टेम्पोवालेही भेटतील.

आपली नम्र,
एक कागदविक्रेती, बुधवार पेठ, पुणे